हात वर करून घेतलेलं माप

भाईंदरला केबिन रोडवर माझं ब्लाउज आणि ड्रेस शिवायचं दुकान आहे, आणि दुकानामागच्या गल्लीत जी जुनी हिरवी जीप उभी असते तीही माझीच आहे. हे ऐकलं की गिऱ्हाईक हमखास विचारतं, "मिस्टर चालवतात का?" मिस्टर चालवत नाहीत. मिस्टर बाजूला बसून, जिथे ब्रेक नाही तिथे पाय दाबत राहतात. जीप मी चालवते, मी धुते आणि तिच्यावरून घरात भांडतेही मीच. भिशी लागली की बायका सोनं घेतात. मी जीप घेतली, आणि तेव्हापासून आमच्या सोसायटीत लोकांना बोलायला विषय कमी पडलेला नाही.

गाडी जुनी असली तरी फोर बाय फोर आहे. एक दांडी ओढली की चारही चाकं जोर लावतात आणि ती घाटात बकरीसारखी चढते. आधीचा मालक तिच्यातून भाजी वाहायचा. माल भरला की मागची बाजू बसू नये म्हणून त्याने पाटे जादा टाकून घेतले होते. हे पाटे म्हणजे चाकांच्या वर लावलेल्या लोखंडी पट्ट्यांच्या कमानी, सगळं वजन त्यांच्यावर. मला ते तेव्हा फायद्याचंच वाटलं. शाळेचे गणवेश शिवून पोचवायचे असले की मी मागे गठ्ठे कोंबायची आणि गाडी हू की चू करायची नाही.

आमचं गाव महाडच्या बाजूला. खालचं गाव वेगळं आणि आमची बौद्धवाडी वेगळी, ती वर डोंगराच्या खांद्यावर. खालच्या गावापर्यंत डांबर आहे. तिथून वाडीपर्यंत जे आहे त्याला सरकारी कागदावर रस्ता म्हणतात. मी शाळेत होते तेव्हापासून तो मंजूर आहे. काही वर्षांपूर्वी आई त्याच रस्त्याने एका भाड्याच्या जीपमधून वर जात असताना ओढ्याच्या घळीत गाडी एका दगडावरून अशी आदळली की आईच्या मणक्यात कळ आली. त्यानंतर ती भाईंदर पश्चिमेच्या आमच्या घरात कित्येक महिने अंथरुणाला खिळून होती. पुढे हिंडूफिरू लागली, पण डॉक्टरांनी ताकीद दिली की पाठीला दणका बसता कामा नये. आईने गावाचं नाव काढणंच सोडून दिलं. कोणी वाडीवरून आलं की ती फणसाचं विचारायची, विहिरीचं पाणी विचारायची, आणि मग उठून आत जायची. ते मला बघवायचं नाही.

प्रत्येक वाडीचं असतं तसं आमच्या वाडीचंही मुंबई मंडळ आहे. तिथे प्रत्येक गोष्टीचा ठराव होतो, चहा कोणी आणायचा त्याचासुद्धा. गेल्या वर्षी वाडीतलं नवीन विहार बांधून झालं आणि बुद्धपौर्णिमेला मूर्तीवरचा पडदा कोणी काढायचा यावर मीटिंग बसली. पुरुष मंडळींचं म्हणणं, तालुक्याचा एखादा पुढारी बोलवावा, म्हणजे जाता जाता रस्त्याचंही बोलता येईल. महिला मंडळाने तिथल्या तिथे मोडता घातला. जुनं विहार मातीचं होतं. त्याच्या पायाचे दगड वाडीतल्या बायकांनी नदीवरून डोक्यावर वाहून आणले होते. पुढे विहारातल्या फलकावर वर्गणी देणाऱ्यांची नावं लागली, दगड वाहणाऱ्यांची लागली नाहीत. त्या बायकांपैकी आता एकटीच हयात आहे, ती माझी आई. पडदा तीच काढणार, असं बायकांनी ठणकावून सांगितलं आणि ठराव करून घेतला.

मंडळाचे सेक्रेटरी म्हणजे माझ्या चुलत्यांचा मुलगा, माझे दादा. ते ही बातमी घेऊन घरी आले तेव्हा आई सोफ्यावर उशी टेकून बसली होती. ऐकल्यावर तिचा चेहरा असा काही उजळला की मला तिच्या तरुणपणीचा फोटो आठवला. मग तो लगेच मावळला.

"मी नाय येत," ती म्हणाली. "माझ्या पाठीला तो रस्ता सोसणार नाय."

दादा म्हणाले, "काकी, डोलीची सोय करतो. चार पोरं लावतो. झोपूनच वर."

"डोलीत? वाडीत डोलीत कोन बसतं म्हाईत हाय ना तुला? माझी सासू डोलीतनं खाली गेली ती परत वर आली नाय. मी तिथं सून म्हनून चालत गेलेय. आडवी होऊन जानार नाय."

दादांनी मान हलवली आणि उठता उठता म्हणाले, "बघा विचार करून. नाहीतर मी त्या पुढाऱ्यांना सांगून ठेवतो. आयत्या वेळी घोळ नको."

माझ्या डोक्यात तिडीकच गेली. दारापर्यंत जाऊन मी त्यांना म्हटलं, "आई माझ्या जीपमधून येणार. दणका न बसता येणार. कोणाला सांगून ठेवायची गरज नाही." दादा जीप ओळखून होते, ते नुसते हसले. नवऱ्याने आतून कपाळाला हात लावलेला मला न बघताच कळला. तोंडातून शब्द तर निघून गेला होता, आणि आमची जीप तेव्हा केबिन रोडवरच्या गतिरोधकावरून गेली तरी आतल्या माणसाचे दात वाजायचे.

कारण तिचे शॉकअप केव्हाच निकामी झाले होते. धक्का झेलतात ते पाटे. पण एकदा झेलला की ते आपले वरखाली नाचतच राहतात. तो नाच थांबवायचं काम शॉकअपचं. चाकाजवळ उभी असलेली ती तेलाने भरलेली नळी असते, तिच्यातून एक दांडा आतबाहेर होतो. आमच्या नळ्यांमधलं तेल गळून गेलं होतं. आणि वाडीच्या रस्त्याला साधे शॉकअप घालून भागलंही नसतं. तिथे एक चाक हातभर खड्ड्यात उतरतं तेव्हा दुसरं दगडावर चढलेलं असतं. दांडा लांबवर बाहेर येणारे, लांब चालीचे शॉकअप असले तरच चाकं खालीवर होतात आणि आतला माणूस जागेवर राहतो.

नवऱ्याने आठवडाभर मोबाइलवर व्हिडिओ बघितले आणि निकाल दिला, "सगळ्यात लांब मिळतील ते घे. विषय संपला." पेणकरपाड्याला आमचा नेहमीचा गॅरेजवाला आहे, त्याचंही तेच मत पडलं. त्याने एक झगझगीत लाल जोडी काउंटरवर ठेवली.

"दीदी, इससे लंबा मार्केट में नहीं है. बाहर का माल. लगा दो, गाड़ी मक्खन चलेगी."

"खुला तो लंबा है," मी म्हटलं. "बंद होने पर कितना रहता है?"

"बंद होने पर? वो कौन देखता है?"

मी बघते. माझा धंदाच तो आहे. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलींना मी पहिल्याच दिवशी सांगते, की गिऱ्हाईक आरशासमोर हात खाली सोडून उभं राहतं तेव्हा कोणाचाही ब्लाउज बसतो. तेच गिऱ्हाईक लग्नाच्या हॉलमध्ये हार घालायला हात वर करतं, तेव्हा कळतं टेलर कोण आहे ते. म्हणून आधी हात वर करायला लावायचा, पुढे वाकायला लावायचं, आणि मगच टेप लावायची. जीपचं मला काही वेगळं वाटेना. सपाट जमिनीवर उभ्या गाडीला सगळेच शॉकअप बसतील. चाक पूर्ण वर गेलं आणि पूर्ण खाली लटकलं, की तेव्हाची मापं खरी.

मी त्याला पुढचं एक चाक जॅकवर चढवून लाकडाच्या ठोकळ्यांवर ठेवायला लावलं, पार वर, चाकाला अडवणारं आतलं रबर चासीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, टेकेपर्यंत. दुसऱ्या बाजूचं चाक हवेत लटकत राहिलं. गळ्यातली टेप काढून मी नवऱ्याच्या हातात दिली आणि त्याला गाडीखाली पाठवलं. शॉकअपचं वरचं टोक जिथे अडकतं तिथून खालचं टोक अडकतं तिथपर्यंत, एकदा दबलेल्या बाजूला, एकदा लटकलेल्या. गॅरेजमधली माणसं हातातली कामं टाकून बघत होती. गॅरेजवाला हसून म्हणाला, "दीदी, ये ब्लाउज नहीं है."

"है," मी म्हटलं. "और पहननेवाली मेरी माँ है."

मग ती लाल जोडी आम्ही दाबून मापली. दाबायला दोन माणसं लागली. आणि निघालं काय, तर पूर्ण दबल्यावरही ती आमच्या गाडीत असलेल्या जागेपेक्षा लांब! म्हणजे चाक दगडावर चढलं की रबर टेकायच्या आधीच शॉकअपमधली जागा संपणार आणि लोखंडावर लोखंड आदळणार. तो दणका थेट सीटमधून आईच्या मणक्यात. गॅरेजवाल्याने ते दोनदा मापून बघितलं आणि त्याचं हसणं थांबलं. "रबर बड़ा डाल देंगे," तो म्हणाला, आणि लगेच स्वतःच मान हलवली, "नहीं, फिर चक्का ऊपर कम आएगा." त्यानंतर तो जो मनापासून कामाला लागला तो शेवटपर्यंत. लटकलेल्या चाकाचा ब्रेकचा पाईप ताणून तार झालाय हे मला दिसलंच नव्हतं. ते त्याने दाखवलं आणि लांब पाईप टाकून दिला.

आता मला हवा होता उघडल्यावर लांब आणि मिटल्यावर आखूड असा शॉकअप. ऐकायला सोपं वाटतं. मी टेप गळ्यात घालून हायवेच्या कडेची स्पेअर पार्टची दुकानं पालथी घातली. दुकानात शिरायचं, शॉकअप जमिनीवर उभा करायचा, वरून अंगाचा भार टाकून दाबायचा, टेप लावायची आणि नाही म्हणून बाहेर पडायचं. कोणी उघडल्यावर चांगला, तर मिटल्यावर धोंडा. कोणी मिटल्यावर चांगला, तर उघडायलाच तयार नाही. एका दुकानातले गुजराती शेठ बराच वेळ बघत होते, शेवटी म्हणाले, "बेन, लेवानुं छे के फक्त मापवानुं?" मी म्हटलं, "शेठ, मापात बसलं तर लेवानुं." ते इतके खूश झाले की त्यांनी माळ्यावरचा सगळा माल खाली काढायला लावला. त्यातही नव्हता, पण चहा मिळाला.

शेवटी सापडला तो भाईंदर पश्चिमेला, आमच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर. काळा, साधा, दिसायला अगदीच सुमार. दाबला आणि टेप लावली. उघडला आणि टेप लावली. दोन्हीकडे बसला, वर थोडी जागा शिल्लक, शिवणीच्या आत कापड सोडतात तशी. मी दुकानातच ओरडले, "हाच!" नवरा ओशाळून रस्त्याकडे बघायला लागला.

त्यातही मऊ आणि कडक असे दोन प्रकार होते. फोनवर गॅरेजवाल्याला विचारलं तर त्याने उलट प्रश्न केला, "गाड़ी खाली चलेगी या भर के?"

कोकणात वाडीवर जाणारी जीप कधी रिकामी गेल्याचं मी तरी बघितलेलं नाही. खालच्या गावात गाडी दिसली की तांदळाचं पोतं, कोंबडी, आजारी म्हातारा, नवी नवरी, सगळे आत चढतात आणि कोणी कोणाला विचारत नाही. "भर के," मी म्हटलं. "पूरी भर के." त्या जाड पाट्यांना आणि भरल्या गाडीला कडकच हवेत असं त्याने सांगितलं आणि कडक बसवून दिले.

ट्रायल घ्यायला मी उत्तनच्या बाजूचा एक दगडी रस्ता शोधला. आईच्या सीटवर काठोकाठ पाण्याने भरलेला हंडा ठेवला आणि त्याला पट्टा बांधला. आमच्या बिल्डिंगमधल्या बायकांना कुठून तरी पत्ता लागला, त्या डबे घेऊन मागे चढून बसल्या, म्हणे रविवार आहे, समुद्रावर जेवू. त्या मागे दाटीवाटीने खिदळत होत्या आणि मी हंड्याकडे बघत दगडांवरून गाडी घालत होते. पाणी काठापर्यंत यायचं आणि परत जायचं. समुद्रापर्यंत पोचलो तेव्हा सीटवर जेमतेम ओंजळभर पाणी सांडलं होतं. बायकांनी टाळ्या वाजवल्या. मी घरी येऊन आईला हे अगदी रंगवून सांगितलं.

आई म्हणाली, "हंड्याला मनका नसतो गो."

पण ती यायला तयार झाली. पाठीला पट्टा बांधून, पांढरी साडी इस्त्री करून. पौर्णिमेच्या आदल्या दिवशी सकाळी आम्ही निघालो. हायवेभर मी तिला दर थोड्या वेळाने उतरवून चालवत होते, आणि दुपार कलायच्या सुमाराला खालच्या गावात पोचलो.

तिथे मंडळाने आमच्यासाठी मोठा सन्मान करून ठेवला होता. दादा पुढे आले, आईला हार घातला आणि मोठ्याने जाहीर केलं, "ठराव झालाय. काकींच्या गाडीत काकींशिवाय कोणी बसणार नाही. त्यांना कोणाचा त्रास नको." मुंबईहून आलेल्या बायका पिशव्या डोक्यावर घेऊन चालत वर निघाल्या होत्या, त्यांनी मान डोलावली. माझ्या नवऱ्यालासुद्धा उतरवलं. एकही बॅग मागे ठेवू दिली नाही. आणि मी, बाई, या ठरावाने फुशारून गेले. आईला राणीसारखी एकटी नेणार, याहून मोठं काय असतं! मी उलट दादांना म्हटलं, "बरोबर केलंत."

डांबर संपलं. पहिल्याच दगडाला मागची बाजू उडाली आणि पुढे आईचा हात समोरच्या पकडायच्या दांडीवर घट्ट आवळला गेला. मी वेग अजून कमी केला. दुसऱ्या दगडाला पुन्हा तेच. चाकं नीट वरखाली होत होती, शॉकअप कुठे आदळत नव्हते, आणि तरीही गाडी मागून घोड्यासारखी उड्या मारत होती. आईने ओठ मिटून घेतले होते. दुखायला लागलं की आई बोलत नाही, हे मला लहानपणापासून माहीत आहे. तेच शॉकअप, तेच पाटे, तीच मी. हंड्यातलं पाणी न सांडणारी गाडी आईला का हिसके देत होती ते मला कळेना. पहिल्या वळणावर मी गाडी थांबवली. वर अजून सगळा चढ बाकी होता, आणि मधे ती ओढ्याची घळ. मला वाटलं, हरलो. उद्या दादा पुढाऱ्याला फोन करणार आणि आई पुन्हा कधी गावाचं नाव काढणार नाही.

"परत फिरूया का, आई?"

आई मागे बघत होती. त्या बायका उन्हातून वर येत होत्या, कोणी गुडघ्यावर हात ठेवून, कोणी पदराने तोंड पुसत.

"त्यांना घे," ती म्हणाली.

"कोणाला?"

"त्या चालल्यात त्यांना. गाडी रिकामी नि बाया उन्हात. मला लाज वाटते गो."

"आई, अगं तुझ्या पाठीचं बघतेय मी! ठराव झालाय ना?"

"ठराव घाल चुलीत. त्या चढल्या नायत तर मी उतरून चालते."

आणि ती खरंच दाराची कडी चाचपायला लागली. मी चिडून, अगदी दातओठ खाऊन, बायकांना हाक मारली. त्यांना दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. मागच्या दोन्ही बाकांवर, मधल्या जागेत, पिशव्यांवर, पातेल्यांवर बायका बसल्या. खालून दादा हात वर करून ओरडत येत होते, "अहो, ठराव! ठराव!" गाडी मागून हळूहळू खाली बसली, आणि मी पहिला गिअर टाकला.

पुढचा दगड आला आणि गेला. मी आईकडे बघितलं. तिचा हात दांडीवर होता, पण आवळलेला नव्हता. अजून एक दगड, मग एक खड्डा. गाडी आत उतरली, शांतपणे बाहेर आली आणि लगेच स्थिर झाली. आणि मग माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. भर के! मीच सांगितलं होतं. भाजीच्या गोण्या वाहायला टाकलेले ते जाड पाटे वजन पडल्याशिवाय वाकतच नाहीत, आणि शॉकअप मी मापून, निवडून, भांडून आणले होते ते भरल्या गाडीचे. उत्तनला मागे आख्खी बिल्डिंग बसली होती म्हणून पाणी सांडलं नव्हतं. मी मात्र सगळं श्रेय एकट्या शॉकअपना देऊन बसले होते. आईला यातलं काहीही माहीत नव्हतं. तिने एवढंच केलं, गाडी रिकामी जाऊ दिली नाही.

मी मोठ्याने हसायला लागले. आई म्हणाली, "पुढं बघ."

पुढे घळ होती. पावसाळ्यात तिथून ओढा वाहतो आणि बाकीचं वर्ष तिथे नुसते धोंडे असतात. मागे आईची पाठ गेली ती इथेच. मागच्या बायकांनी बाक घट्ट धरले. मी दांडी ओढून चारही चाकं जोडली, सगळ्यात हळू गिअर टाकला आणि तिरकी आत घातली. डावं चाक खाली गेलं, जात राहिलं, पार लटकेपर्यंत. उजवं त्याच वेळी धोंड्यावर चढत होतं, वर, अजून वर, आणि एवढ्या बायकांचं वजन त्याच्यावर. मी कान टवकारून त्या लोखंडी दणक्याची वाट बघत होते. दणका झालाच नाही. रबर टेकल्याचा एक जड, दबका आवाज आला, बस्स, आणि गाडी पलीकडच्या काठावर चढून सरळ झाली. ती लाल जोडी असती तर त्या वजनाखाली काय झालं असतं याचा विचार करायलाही मला नको वाटतं.

बायकांनी असा गलका केला की झाडावरची पाखरं उडाली. मी गाडी थांबवली आणि आईकडे वळले.

"लागलं का कुठे?" मी विचारलं.

"नाय. पन तू थांबलीस कशाला?"

वाडीत शिरताना मी हॉर्नवर हात ठेवला तो काढलाच नाही. लाज कसली त्यात! आई गाडीतून माझा हात धरून उतरली आणि उतरल्यावर हात सोडून चालत घरापर्यंत गेली. जुन्या शेजारणी धावत आल्या. कोणी पाणी आणलं, कोणी तिच्या तोंडावरून हात फिरवला. तासाभराने नवरा आणि दादा घामाने निथळत वर पोचले. दादांनी माझ्याकडे बघून, "ठराव मागे घेतो," एवढंच म्हटलं. मी म्हटलं, "लिहून ठेवा."

पौर्णिमेच्या सकाळी भंतेजी आले, आणि आई पांढऱ्या साडीत विहाराच्या पायऱ्या चढली. एकेक पायरी, सावकाश, पण सरळ पाठीने. पडद्याची दोरी तिने ओढली तेव्हा आधी ती अडकली. तिने हात आणखी वर नेऊन जोराने हिसका दिला आणि पडदा खाली आला. मूर्ती सकाळच्या उजेडात अशी शांत दिसली की सगळ्या वाडीचे हात आपोआप जोडले गेले. मग आईनेच त्रिशरण सुरू केलं. तिचा आवाज आधी कापत होता, पण सगळ्यांनी साथ धरल्यावर मोकळा झाला. मी मागे उभी राहून ढसाढसा रडले आणि मला त्याचं काही वाटलं नाही. आईला आणेन म्हणाले होते आणि आणलं होतं. असं समाधान मला दुकानाने कधी दिलं नाही, आणि दुकानावर माझा जीव आहे.

दुसऱ्या दिवशी परत निघायच्या वेळी आई आधी गाडीभोवती एक चक्कर मारून आली. पाट्यांना वजन का लागतं ते मी तिला रात्री सांगितलं होतं. मागे रिकामं दिसलं तशी ती कंबरेवर हात ठेवून उभी राहिली.

"कोन कोन येतंय खाली? चला, चढा. आन तू रं, सेक्रेटरी?"

"काकी, मी येतो की चालत. तुम्हाला उगीच गर्दी."

"चालत कशाला? मागं बस. गाडीला वजन लागतं."

दादा मागे बसले, मांडीवर कोणाचं तरी पातेलं घेऊन. बायका, पिशव्या, आंबे, माझा नवरा, सगळे आत दाटले आणि गाडी खाली बसली. मी घळ उतरून गेले, पहिलं वळण घेतलं. मागे गप्पा रंगात आल्या होत्या, कोणीतरी मोठ्याने हसलं, आणि लगेच दुसऱ्या कोणीतरी तिला दटावलं.

"हळू बोला गो. आजी झोपलीय."

मी बाजूला बघितलं. आईची मान खिडकीकडे कलली होती, तोंड थोडं उघडं होतं, आणि त्या रस्त्यावर ती गाढ झोपली होती.